उंबरटेपला दिलेले शून्य

कल्याणला गाडीतून उतरलो तेव्हा मी एकटाच होतो. खरे तर दोघांनी जायचे असा नियम होता. पण माझ्या जोडीदाराच्या बहिणीचे लग्न ठरले आणि त्याने आदल्या दिवशी येत नसल्याचा निरोप पाठवला. संस्थेच्या चिटणिसांनी मला विचारले, एकटे जमेल ना? मी हो म्हटले. समोरचा माणूस टेबलामागे बसलेला असला की मला नाही म्हणता येत नाही.

मुंबईतली एक धर्मादाय संस्था दरवर्षी सार्वजनिक आरोग्याच्या कामांना अनुदान देते. उन्हाळ्याच्या सुटीत अर्जदारांची पाहणी करायला ती कॉलेजच्या विद्यार्थ्यांना पाठवते, गाडीभाडे आणि थोडा भत्ता देते. माझ्या वाट्याला तीन अर्ज आले होते: उल्हासनगरच्या निर्वासितांचा, अंबरनाथच्या कामगारांचा आणि बदलापूरच्या पलीकडे डोंगरात असलेल्या उंबरटेप नावाच्या ठाकरवाडीचा. तिघांपैकी या वर्षी एकालाच अनुदान मिळायचे होते.

पिशवीत चार पानांचे नियमपत्रक होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. छापील कागद पुढे आला की माझे वडील अजून मुंडासे सावरतात, आणि त्या पत्रकाशी मीही तसाच वागत होतो. नियम तसे साधे होते. अर्ज पाच जणांच्या समितीने करावा. जागा सार्वजनिक असावी. कामाचा चौथा हिस्सा गावाने श्रमाने उचलावा. रोगाचे रुग्ण पाहणाऱ्याने त्या दिवशी स्वतः डोळ्यांनी पाहावेत. ऐकीव माहितीला गुण नाहीत. शंभरापैकी चाळीस गुण या गरजेचे होते, आणि त्यांत सोळा न मिळाले तर बाकीचे कितीही असोत, अर्ज अपात्र. गुणांचा तक्ता तिथेच शाईने भरायचा आणि त्यावर समितीच्या प्रमुखाची सही किंवा अंगठा घ्यायचा. काही चुकले तर खाडाखोड न करता दुसरा तक्ता प्रमुखासमोर भरायचा. त्यासाठी प्रत्येक ठिकाणचे दोन दोन तक्ते दिले होते.

कल्याणहून चालत मी उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात पोचलो. लढाईच्या काळात सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी, आणि एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून केलेले संसार. समितीचे प्रमुख लेखराजजी सिंधमध्ये शाळामास्तर होते. त्यांनी आधी पापड आणि पाणी पुढे केले. आलेल्याला पापड-पाणी देण्याची त्यांची रीत आहे, आणि बाहेरच्या उन्हातून आल्यावर ती किती शहाणपणाची आहे ते कळते.

त्यांना डोळ्यांच्या खुपऱ्यांसाठी दवाखाना हवा होता. भिंतीवर संस्थेचे नियमपत्रक सिंधी लिपीत उतरवून लावलेले होते आणि प्रत्येक कलमापुढे खूण होती. रुग्णांची वही होती. रुग्ण वहीतल्या क्रमाने बाकावर बसले होते, लाल, चिकट डोळ्यांची मुले आणि पदराने पाणी पुसणाऱ्या बाया. मी म्हटले, तुमची तयारी फार चांगली आहे. लेखराजजी हसले नाहीत.

"साईं, हम तो कायदा पढ़-पढ़ के बूढ़े हुए," ते म्हणाले. (साईं हे त्यांच्याकडचे आदराचे संबोधन.) रेशनचा कायदा, बराकीचा कायदा, मागे राहिलेल्या घराच्या दाव्याचा कायदा. आता कुठलाही कागद दाखवा, त्यातले दार कुठे आहे ते मी सांगतो, असे ते म्हणत होते.

त्यांच्या घरी कोकी (कांदा घालून भाजलेली जाड पोळी) खाल्ली. पडद्यापलीकडे तीनचार घरे एकदम बोलत होती. मला त्यातला एक शब्दही कळत नव्हता. तरी कुणी कुणाला जेवायला हाक मारतो आहे एवढे समजत होते. गरजेचे मी चौतीस गुण दिले.

दुपारी अंबरनाथला गेलो. बुवापाड्यातल्या कामगार मंडळाला खोकल्याच्या रोग्यांसाठी दवाखाना हवा होता. मंडळाचे प्रमुख रामभाऊ कारखान्यात फिटर होते. त्यांनी वीसएक माणसे चाळीच्या ओट्यावर बसवली होती. मी लिहायला लागलो की ओट्याच्या टोकाचा एक जाडजूड माणूस जोरात खोकायचा. पेन खाली ठेवले की थांबायचा. असे तीनदा झाले. मग त्याने शेजाऱ्याकडे विडी मागितली.

"गणपत, साहेबांचं लिहून झालं रे," रामभाऊ म्हणाले. "आता बास कर, नाहीतर खराच लागेल."

सगळा ओटा हसला. हसता हसता दोघांना खरी उबळ आली आणि ते भिंतीला धरून वाकले. मग कोणी हसेना. गणपतला वगळून मी पंचवीस गुण दिले.

संध्याकाळी जुन्या शिवमंदिराच्या पायऱ्यांवर बसलो. काळ्या दगडावर हत्तींच्या ओळी आहेत, एकाच्या मागे एक. जोडीदार असता तर त्याला म्हटले असते, बघ, यांतला एकही एकटा नाही. रात्री मंडळाच्या खोलीत सतरंजीवर झोपलो.

सकाळी बदलापूरला उतरलो. नदी ओलांडून गाव मागे टाकले. पुढची वाट उन्हाने भाजलेल्या भातखाचरांतून होती आणि मग जंगलात चढत होती. चपलेचा अंगठा तुटला तेव्हा ती पिशवीत टाकून अनवाणी निघालो. वाटेत करवंदे पिकलेली होती. दोन तासांच्या चालीत एक गुराखी सोडला तर कोणी भेटले नाही.

उंबरटेपच्या अर्जात म्हटले होते की घरटी एकाला तरी नारू आहे. नारू म्हणजे पायातून दोऱ्यासारखा बाहेर पडणारा लांब किडा. त्याची पिल्ले पिण्याच्या पाण्यातून पोटात जातात आणि वर्षभराने फोड येऊन किडा बाहेर निघतो. जळजळ थांबावी म्हणून माणूस तो पाय पाण्यात बुडवतो आणि पाणी पुन्हा नासते. वाडीची विहीर पायऱ्यांची होती, सगळे तिच्यात उतरूनच पाणी भरत. पायऱ्या बुजवून, कठडा बांधून रहाट बसवायचा, एवढेच त्यांचे मागणे होते. अर्ज तिथल्या शाळेच्या मास्तरांनी लिहून दिला होता, पण ते सुटीत गावी गेले होते.

वाडीत शिरलो आणि थक्क झालो. प्रत्येक अंगण नुकतेच सारवलेले होते. विहिरीच्या पायऱ्या घासलेल्या, काठावर तांदळाच्या पिठाची नक्षी. समितीचे प्रमुख गोमा कारभारी धुतलेला सदरा घालून उभे होते. त्यांची सून हिरी हिने तांब्या पुढे केला.

"घ्या दादा, लांबून आलाव," ती म्हणाली.

पाणी गाळून पिण्यासाठी संस्थेने मला दुपदरी फडके दिले होते. ते पिशवीत होते. पण तिच्यासमोर ते काढायचे म्हणजे तुमचे पाणी घाण आहे असे तोंडावर सांगणे. मी तांब्या उंच धरून तसाच प्यायलो. उरलेले तिने स्वतः पिऊन टाकले.

नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी झाली. मग मी नारूचे रुग्ण दाखवा म्हटले.

"नाय, आमच्यात आजारी नाय कोन," कारभारी म्हणाले. "समदी धडधाकट हायेत."

मी अर्ज वाचून दाखवला. मास्तरांनी लिहिले असेल, आता कोणी नाही, असे ते शांतपणे सांगत राहिले. मी घरोघर फिरलो. धडधाकट माणसे, खेळणारी मुले. सगळे माझ्याकडे बघून हसत होते, शाळेत बक्षीस मिळायच्या दिवशी हसतात तसे. मला काहीच उमगेना. जोडीदार असता तर त्याला विचारले असते. शेवटी नियमाप्रमाणे जे दिसले ते लिहिले. समिती वीस, श्रम वीस, देखभाल अठरा. गरजेपुढे शून्य. कारभाऱ्यांनी अंगठा उठवला आणि विचारले, झाला ना आमचा नंबर? मी म्हटले, ते मुंबईला ठरेल.

उतरताना वाट चुकून मी दुसऱ्याच पायवाटेला लागलो होतो, आणि तासभर झाला असेल. एका मोहाच्या झाडाखाली माणसे बसलेली दिसली. जवळ गेलो. अकरा जण होते, बायका, पुरुष, दोन पोरगेली मुले. प्रत्येकाचा एक पाय पानांच्या उशीवर ठेवलेला होता आणि घोट्याशी काडी बांधलेली होती. बाहेर आलेला किडा तुटू नये म्हणून रोज थोडा थोडा काडीला गुंडाळतात, ती काडी.

एका म्हातारीने माझ्या अनवाणी पायांकडे बघितले आणि मला कोणी वाटसरू समजून विचारले, "सायेब गेला का रं, बाबा?"

"गेला," मी म्हणालो.

"मंग जावं आता घराला. पहाटच्यानं बसलोय हितं." ती गुडघ्यावर हात ठेवून उठू लागली. "वाडी साफ, निरोगी दिसली तर हीर बांधून देनार हायेत. आमी दिसलो आस्तो तर गेला आस्ता नंबर."

मी तिथेच खाली बसलो. मी तिसरीत असताना शाळेत आरोग्य तपासणीचे साहेब येणार होते. माझ्या अंगभर खरूज होती. आईने मला त्या दिवशी कणगीमागे बसवून ठेवले होते, शाळेला कमीपणा नको म्हणून. आणखी सहासात पोरे तशीच घरोघरी बसली होती. साहेबांनी शाळा उत्तम असा शेरा लिहिला. गंधकाचे मलम आले ते शेजारच्या गावाच्या शाळेला. हे सगळे मला ठाऊक होते. वाडीत ते हसरे चेहरे बघताना ते एकदाही आठवले नाही.

पिशवीत उंबरटेपचा दुसरा कोरा तक्ता होता. परत वर जायचे, कारभाऱ्यांना सांगायचे, त्यांच्यासमोर नवा तक्ता भरायचा. तासाभराची चढण होती. संध्याकाळची गाडी चुकली असती, एवढेच. पण तुम्ही चुकलात हे त्या धुतलेल्या सदऱ्यातल्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचे, ते मला सुचेना. मी पहिल्याच तक्त्याच्या मागे अकरा जणांची नावे लिहून घेतली. नावे कशाला, म्हातारीने विचारले. मी काहीतरी पुटपुटलो. मनाशी म्हटले, मुंबईला समजावून सांगू, तिथे शिकलेली माणसे आहेत.

मी गाडी पकडली.

संस्थेच्या बैठकीत मला उभे करून विचारले. मी सगळे सांगितले, मोहाच्या झाडापर्यंत. बैठकीतल्या एका वयस्कर डॉक्टरांनी तक्ता उलटसुलट करून पाहिला. ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच वाईट वाटले.

"दुसरा तक्ता होता ना तुमच्याजवळ?"

"होता."

"मग परत का नाही गेलात?"

नियम माझ्यासाठीच लिहिला होता, माझ्यासारखा कोणीतरी चुकणार हे धरून. लेखराजजींनी म्हटलेले ते दार त्या कागदात होते आणि मी त्याच्यासमोरून चालत गेलो होतो. अनुदान उल्हासनगरला मिळाले. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही, ती मुले मी पाहिली होती. उंबरटेप या वर्षी अपात्र ठरले, पुढल्या वर्षी पुन्हा पाहणी करू असे ठरले. वाडीला तसे कळवण्याचे काम मी मागून घेतले. ते पत्र मी तीनदा लिहिले. शेवटी त्यात एवढेच राहिले: पाहणीच्या दिवशी आजारी माणसांना घरीच ठेवा, आम्ही त्यांनाच बघायला येतो, आणि मागच्या खेपेला चूक तुमची नव्हती, माझी होती. तोवर पाणी दुपदरी फडक्यातून गाळून प्या, असेही खाली लिहिले. पण मास्तर जूनमध्ये परतणार होते. तोपर्यंत ते वाचून दाखवणारे तिथे कोणी नव्हते.

नंतरचे वर्षभर वसतिगृहाच्या नळावर पाय धुताना मी दोन्ही घोटे निरखत असे. शेजारच्या खोलीतला एकजण विचारायचा, रोज काय शोधतोस? मी नळ बंद करून खोलीत जायचो. माझ्या पायाला काही झाले नाही.

या चैत्रात दुसरे दोघे उंबरटेपला जाऊन आले. परवा मास्तरांचे कार्ड आले. सगळे रुग्ण सकाळपासून आपापल्या ओट्यावर बसले होते, गरजेचे पस्तीस गुण मिळाले, विहिरीचे काम पावसाआधी सुरू होईल. खाली बारीक अक्षरात लिहिले होते की पाहुण्यांनी सतरा रुग्ण मोजले. त्यांतले सहा यंदाचे नवे आहेत, आणि कारभाऱ्यांची सून हिरी त्यांत आहे. ती तुमची आठवण काढत होती, दादा बरे आहेत का म्हणून विचारत होती.

आम्ही दोघे त्या दिवशी एकाच तांब्यातले पाणी प्यायलो होतो. कार्डाला उत्तर लिहायला बसलो आहे. मी बरा आहे, एवढेच वाक्य लिहायचे आहे, आणि ते लिहवत नाही.