तलंगांच्या पायातला तांबडा काठ

कोंबड्यांची हौस तिची, माझी नव्हे. मी कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा माणूस. दिवसभर खडखडाटानं कान किटायचे आणि घरी यावं तर परसात कलकलाट. "तुझ्या कोंबड्यांना आवर, नाहीतर एकेकीला कालवणात घालीन," असं मी बायकोला रोज ऐकवायचो. एकीलाही कधी घातलं नाही, ते सोडा. "घाला की, मग अंडी तुमीच घाला," म्हणून ती हसायची.

मग ती तापानं गेली. चार दिवसांत सगळं आटोपलं. दिवस झाल्यावर बायकांनी तिची लुगडी वाटून टाकली; एक तेवढं मी पेटीच्या तळाशी दडवलं. हिरवं, तांबड्या काठाचं, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला घेतलेलं. आणि मागं उरल्या चार कोंबड्या.

वर्षभरात त्या म्हाताऱ्या झाल्या. अंडी बंद झाली. एकीला मुंगसानं नेलं. मला धास्तीच बसली. या संपल्या की संध्याकाळी कुलूप काढल्यावर घरात आवाज करणारं काही म्हणून उरणार नव्हतं. मंगळवारच्या बाजारातून मी चार तलंगा आणल्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. पाटीतून काढल्या आणि सरळ परसात सोडून दिल्या.

अगागागा! तिच्या तिघी अशा तुटून पडल्या की विचारू नका. दाण्याला चोच लावू देईनात. तलंगा बिचाऱ्या भिंतीच्या कोपऱ्यात डोकी खुपसून उभ्या. "तुमच्या बापाचं परसू हाय व्हय गं?" म्हणत मी केरसुणी घेऊन धावलो. पाठ फिरवली की पुन्हा तेच.

आमच्या आळीत सगळ्यांच्या कोंबड्या एकमेकींत मिसळायच्या, म्हणून ज्याच्या त्याच्या घरची चिंधी कोंबडीच्या पायात असायची. कुणाची पिवळी, कुणाची निळी. तिनं आपल्या जुन्या लुगड्याची हिरवी बांधली होती. माझ्या मनानं घेतलं की नव्यांच्या पायात तिची खूण नाही, म्हणूनच जुन्या त्यांना परक्या समजतात. एकट्या माणसाचं डोकं कुठं कुठं जाईल सांगता येत नाही. मी पेटी उघडली. अंगाचं हिरवं कापड फाडायला काही हात होईना, म्हणून तांबडा काठ तेवढा टरकावला. चार चिंध्या केल्या, चारी तलंगांना बांधल्या आणि भोंगा झाल्यावर कामावर गेलो. त्या दिवशी साच्यावर उभा असताना मला फार दिवसांनी बरं वाटत होतं.

संध्याकाळी आलो तर एक तलंग भिंतीपाशी मरून पडलेली. पाय चिंधीसकट टोचून टोचून सोललेला. बाकीच्या तिघी लंगडत होत्या.

शेजारची तांबोळ्याची म्हातारी भिंतीवरून डोकावली आणि तिनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! तांबडं बांदलंस? आरं, कोंबडीला ते रगत दिसतंय. रगत दिसलं की ती टोचणारच की! सोड, सोड आदी." मी लुगड्याचं सांगितलं तशी ती जरा नरमली. "कोंबड्या लुगडं वळखत्यात व्हय रे बेटा?"

तिनं आपलं वेताचं डालगं दिलं. नव्या तिघींना परसाच्या मधोमध त्याखाली आठ दिवस झाकायचं, जुन्यांना भोवती दाणे टाकायचे, एकमेकींना बघू द्यायचं. बस, एवढंच. नवव्या दिवशी मी डालगं उचललं. दोनचार चोची बसल्या, थोडी पिसं उडाली आणि तिन्हीसांजेला सहाही जणी एकाच खुराड्यात शिरल्या. एवढं सोपं होतं. तिला विचारलं असतं तर भाकरी थापता थापता तिनं सांगितलं असतं. विचारायला ती नव्हती, आणि मी एक जीव घालवून बसलो होतो, लुगडंही.

तलंगांना मी पुन्हा चिंधी बांधली नाही. पुढं एकदा त्यांतली एक दिवसभर दिसेना. शोधत आळीच्या टोकापर्यंत गेलो. तिथं एक बाई तिला काखेत धरून दारात उभी. "हिच्या पायात कायबी न्हाय. कुणाची हाय ओ ही?"

आळीत सगळे 'तिच्या कोंबड्या' असंच म्हणायचे. मीही म्हणायचो. तेच तोंडावर आलं होतं. पण या कोंबडीनं तिला कधी पाहिलंच नव्हतं.

"माझी," मी म्हणालो.

कोंबडी घेऊन घरी आलो, खुराड्यात सोडली आणि तिथंच मातीत बसून हमसून हमसून रडलो. ती गेली तेव्हा पाहुण्यारावळ्यांच्या गर्दीत मला रडू आलं नव्हतं.