मालनबाईंची लांब मानेची माणसं

मालन परबांना वाचता येत नव्हतं असं नाही. सातवीपर्यंत शाळा झाली होती, तीही कणकवलीजवळच्या गावात, मार खाऊन, म्हणजे पक्की. पण मुलुंडच्या वाचनालयातून त्या जी मासिकं घरी आणत, त्यातली एकही गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत वाचली नव्हती. त्या चित्रं बघत. नायिकेचं लग्न मोडलं की जुळलं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. तिच्या पदराची रेघ खांद्यावरून कशी खाली उतरलीय, ते नीट बघून झालं की मासिक परत.

वाचनालयाच्या अण्णांना याचा संशय होता. एकदा त्यांनी मुद्दाम विचारलं, "काय मालनबाई, कशी वाटली कथा?"

"छान होती," मालनबाई म्हणाल्या. "निळी."

अण्णांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

ही चित्रं काढणारा एकच होता. कोपऱ्यात बारीक सही करायचा, विद्याधर. त्याच्या बायकांच्या माना लांबच लांब, डोळे अर्धे मिटलेले आणि बोटं शेवग्याच्या शेंगांसारखी. मालनबाईंच्या इमारतीत अशी बाई एकही नव्हती. बहुधा म्हणूनच त्यांना ती एवढी आवडली.

साल असेल पंच्याऐंशी. यजमान दशरथ परब औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला, मुलगी लग्न होऊन कांदिवलीला. दुपारी घर मोकळं. मालनबाईंच्या हातात आईकडून आलेली एकच विद्या होती, गोधडी. जुन्या साड्यांचे थर घालायचे, वरून चिंध्यांची ठिगळं आणि सगळ्यावर धावदोरा. एका दुपारी त्यांनी मासिकातल्या चित्रावर बटर पेपर ठेवला, पेन्सिलीनं बाई उतरवून घेतली, ती लाल ब्लाउजपीसवर टाचली, कापली आणि गोधडीच्या मधोमध शिवून टाकली.

संध्याकाळी दशरथराव आले. चहाचा कप हातात धरून गोधडीवर वाकले.

"अगो, ह्या काय?"

"बाई आहे."

"बाई? माका वाटला, जिराफाक लुगडा नेसवलंस."

मालनबाई रागावल्या, पण थांबल्या नाहीत. उलट त्यांच्या डोक्यात भलतंच आलं. मासिकातल्या बायका कशाला, आपलीच माणसं का नकोत? इमारतीत बिऱ्हाडं बारा, म्हणून नव्या गोधडीवर चौकोन बारा. तळमजल्यावरचे धोंडिराम पोस्टमन निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, ते छत्रीसकट आले. तिसऱ्या मजल्यावरची शिकवणीची बाई आली. आणि सगळ्यांना मालनबाईंनी मोठ्या मनानं विद्याधरच्या माना दिल्या. धोंडिरामांची मान तर इतकी लांब झाली, की छत्री बिचारी त्यांच्या कानापाशीच संपली.

अडलं फक्त शेजारच्या प्रेमा सावंतपाशी. प्रेमा ठेंगणी, रुंद, आवाजानं इमारत जागी करणारी. तिला मान लावली की ती प्रेमा राहीचना, कुणीतरी पाहुणी वाटायची. दोनदा कापलं, दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा अंगाच्या रंगाचं कापडच संपलं. वैतागून मालनबाईंनी डोकं थेट खांद्यांवर बसवलं, एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्यात लोणच्याची बरणी दिली. आणि बघतात तो काय, साक्षात प्रेमा! आता तोंड उघडते की काय, असं वाटावं. मालनबाई एकट्याच इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं.

पुढच्या गणेशोत्सवात मंडळानं हस्तकलेचं प्रदर्शन भरवलं. मंडळाचे सेक्रेटरी श्यामसुंदर घरोघर सांगत फिरले, "परीक्षक खरा आर्टिस्ट आणतोय. मासिकात चित्रं येतात त्याची. विद्याधर!"

मालनबाई चपापल्या. गोधडी देऊन झाली होती, परत कशी मागणार? चोरीचा माल मालकासमोरच मांडायची वेळ आली होती. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तरीही माणूस दिसायला कसा असेल, हे मनात रंगवणं चालूच होतं. उंच असणार, डोळे अर्धे मिटलेले.

आला तो बुटका, गोल, टकलावरचा घाम पुसत. आल्या आल्या त्यानं पाणी मागितलं, मग पंख्याखालची खुर्ची. मग उठून टेबलांवरून फिरू लागला. साबणाला टाचण्या टोचून केलेल्या टोपल्या, प्लॅस्टिक वायरच्या पिशव्या, लोकरीचे कुत्रे, आगकाड्यांचा ताजमहाल. गोधडीपाशी येऊन थांबला आणि वाकून एकेक चौकोन बघू लागला.

"या माना माझ्या आहेत," शेवटी म्हणाला.

मालनबाईंनी पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला. "घेतल्या खऱ्या. चुकलं माझं."

"अहो, घ्या की! मी पण कुणाकुणाच्या घेतल्यात." मग त्यानं प्रेमाच्या चौकोनावर बोट ठेवलं. "पण ही कुणाची?"

"ही शेजारची प्रेमा."

"तसं नव्हे. ही कुणाची बघून केलीत? ही माझी नाही. मला जमलीच नसती."

"कुणाची नाही हो," मालनबाई कळवळून म्हणाल्या. "कापड संपलं."

विद्याधर पोट धरून हसला. "मग यापुढे कापड कमीच आणत जा बाई."

सगळा हॉल हसला. एक जण सोडून. प्रेमा मागेच उभी होती.

"म्हणजे एवढ्या बिल्डिंगीत मलाच तेवढी मान नाही?" ती म्हणाली. आणि ही तक्रार गळ्याबद्दल आहे की प्रतिष्ठेबद्दल, हे कळायच्या आत निघून गेली.

पहिलं बक्षीस ताजमहालाला गेलं. त्याच्या मालकानं वर्षभर आगकाड्या जमवल्या होत्या, आणि परीक्षकाचं मत काहीही असो, मेहनतीला नाही म्हणायची मंडळाची छाती नव्हती. मालनबाईंना दुसरं, म्हणजे स्टीलचा डबा मिळाला. त्या दिवसापासून प्रेमाचं दार त्यांच्यासाठी बंद झालं. मालनबाईंना बक्षीस गोड लागेना. सकाळी दूधवाल्याशी भांडणारा प्रेमाचा आवाज भिंतीपलीकडून यायचा, पण त्यात "काय गं मालन, ऐकलंस ना?" हे शेवटचं वाक्य नसायचं.

तीन आठवड्यांनी चेंबूरहून पोस्टकार्ड आलं. विद्याधरनं लिहिलं होतं, "तुमच्या शेजारणीला माझ्या पुढच्या चित्रात घेऊ का? त्यांना विचारून कळवा."

आता विचारायचं तर दार वाजवणं भाग होतं. मालनबाईंनी वाजवलं. कार्ड पुढे केलं. प्रेमानं ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं.

"गोष्टीत काय करते ती?"

"मला काय ठाऊक? भांडत असेल."

"हं. मग ठीक आहे." प्रेमानं कार्ड परत दिलं. "पण त्याला म्हणावं, कानात कुड्या दाखव. लंकेची पार्वती नको. आणि तू काय दारात उभी? ये ना आत. तुझ्यामुळे तीन आठवडे माझ्या चहाला कुणी नावं ठेवलेली नाहीत."

चित्र दिवाळीत छापून आलं, कुड्यांसकट. प्रेमानं तो अंक घेऊन अख्खी इमारत पालथी घातली. रागावलेल्या बाईला लोकांनी ओळखलं नाही, तर ती तस्साच चेहरा करून दाखवायची.

मालनबाईंनी बटर पेपर मात्र गुंडाळून ठेवला. त्या आता भाजीबाजारात पिशवी खांद्याला लावून नुसत्या उभ्या राहत, कोथिंबिरीची जुडी झटकणारी बाई बघत, घरी येऊन सरळ कात्री चालवत. कधी जमायचं, कधी माणसाचं बुजगावणं व्हायचं. मग उसवणं आलंच. दशरथराव म्हणायचे, "ह्या वक्ताक बरा जमला," आणि त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

रंगीत कापडं पुरेनात, तेव्हा त्या नाक्यावरच्या कुंडलिक टेलरकडे गेल्या. तो चिंध्या द्यायला तयार झाला, पण एका अटीवर. त्याला गोधडीवर घ्यायचं, आणि केस जरा जास्त दाखवायचे.

मालनबाईंनी घेतलं. केस होते तेवढेच दाखवले. कुंडलिकनं आठ दिवस तोंड फुगवलं, मग दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू लागला, की परबबाईंच्या गोधडीवर शिलाई मशीन कसं अगदी हुबेहूब आलंय.