अळीले मिशा दिसत नाहीत

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण एक तत्त्व पक्कं होतं: ज्यानं त्यानं आपापलं पाहावं. पारावर बसून मी ते साऱ्या गावाला शिकवलं. चुकलं एवढंच, की गावानं ऐकलं.

तेव्हा बीटी कपाशीच्या थैलीसोबत साध्या सरकीची एक लहान पुडी यायची. ती वावराच्या कडेनं पेरायची. थोड्या अळ्या त्या साध्या पऱ्हाटीवर जगल्या, तर सगळ्याच बीटीच्या विषाला सरावत नाहीत, असं दुकानदार सांगायचा. म्हणजे माझ्या वावरात, माझ्या खतावर, गावाच्या अळ्या पोसायच्या! मी पुडी उकिरड्यावर फेकली. शेजाऱ्यानं पेरली तर माझंही भागणारच होतं.

बायकोनं ती उचलून आणली.

"शेजारचे भाऊजीबी हेच म्हणतात, का तुम्ही पेरसान. तुमच्यात अन् त्यायच्यात फरक काय, तो सांगा मले."

मी बराच विचार केला. "मले मिशा हायेत. त्याले नाहीत."

"अळीले मिशा दिसतात काय?"

"हे पाय, ज्यानं त्यानं आपलं पाहावं!"

"बरं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं एकच भाकर थापली, ठेचा घेतला, माझ्यासमोर बसून जेवली आणि ताट धुऊन टाकलं.

"अन् माझी?"

"मी माझं पाहून राह्यली ना. तुमचंच शिकवणं हाये."

मी तडक शेजाऱ्याकडे निघालो. जेवायच्या वेळेला गेलं की कोणीही पाटावर बसवतंच. तर तो ओसरीवर कोरडे मुरमुरे चघळत बसलेला.

"बरं झालं आले, भाऊ," तो म्हणाला. "मीच तुमच्याकडे जेवाले येऊन राह्यलो होतो."

दोघी बायांचं विहिरीवरच ठरलं होतं. दिवस मावळायच्या आत दोन्ही वावरांच्या कडा पेरून झाल्या. रात्री भाकरी मिळाल्या.

आता ती नाही. पुडीही नाही, साधं बी थैलीतच मिसळून देतात, कोणी फेकू नये म्हणून. तिला हे कळलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असती.

भाकर मीच थापतो. कडेला फाटते, मधात कच्ची राहते. शेजाऱ्याच्या घरी चूल पेटते, तरी तो जेवायच्या वेळेला माझ्याकडे येऊन बसतो. म्हणून दोन थापतो. त्याला सांगूनही ठेवलंय, "तुह्यासाठी नाही बे. मले एकट्याले घास उतरत नाही, म्हणून."