आत्याचं मृत्युपत्र मी भरलं

देवासला आमच्या कॉलेजच्या ऑफिसात कुणाचाही ऑनलाइन फॉर्म अडला की तो माझ्या टेबलावर येतो. पेन्शनचा असो, मुलीच्या शिष्यवृत्तीचा असो, पासपोर्टचा असो. "भिया, जरा बघून दे ना," म्हणत लोक मोबाइल पुढे करतात आणि मी चष्मा वर सरकवून भराभर रकाने भरून देतो. या कामाचा मला गर्व होता. फॉर्म वाचायचा नसतो, भरायचा असतो, असं मी नव्या लोकांना सांगायचोसुद्धा.

माझी आत्या धारला राहायची. वडिलांची एकुलती एक बहीण. माझे आईवडील गेल्यावर तिचं रक्ताचं असं मी आणि माझी धाकटी बहीण, एवढेच उरलो होतो. तिनं लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाली आणि स्वतःच्या कमाईतून बांधलेल्या तीन खोल्यांच्या घरात राहिली. त्यातल्या पुढच्या खोलीत वीसेक वर्षांपूर्वी एक विधवा बाई शिलाई मशीन घेऊन भाड्यानं आली. तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो. पहिल्या एक-दोन वर्षांतच दोघींची चूल एक झाली आणि भाडं बंद झालं. आत्याचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा सहा महिने ताईनं तिचं सगळं केलं, अगदी सगळं. मी त्या सहा महिन्यांत चार वेळा गेलो. दर वेळी सफरचंदं नेली.

एका फेब्रुवारीत आत्याचा फोन आला. "मृत्युपत्र करायचंय. इथे कचेरीत एक वकील आहेत, त्यांच्याकडे मला नेशील का?"

"वकील कशाला?" मी म्हणालो. "आता वसीयत ऑनलाइन होते. दहा मिनिटांचं काम. मी रविवारी येतो."

"दहा मिनिटांत?" ती म्हणाली. तिला ते आवडलं नव्हतं, हे मला फोनवरही कळलं होतं.

रविवारी इंदूरला बस बदलून मी दुपारी धारला पोचलो. परतीची साडेचारची बस डोक्यात होती. जेवण झाल्याबरोबर मी फोनवर ती वेबसाइट उघडली आणि आत्याच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसलो. तिनं एका वहीच्या पानावर आपल्याला काय म्हणायचंय ते लिहून ठेवलं होतं, शाईच्या पेनानं, जुन्या वळणाच्या अक्षरात. पान भरलेलं होतं. सुरुवातीला देवाचं नाव, मग आईवडिलांचं स्मरण, मग ताईबद्दल बरंच काही.

"आत्या, एवढं यात मावत नाही," मी म्हणालो. "फक्त काय आणि कुणाला, एवढंच सांग."

तिनं पान दुमडून मांडीवर ठेवलं. "घर तिला," ती म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं. ताई आत भांडी घासत होती. "माझी पुस्तकं शाळेला. आईच्या बांगड्या तुझ्या बहिणीला."

"आणि मला?" मी हसत विचारलं.

"तुला काय पाहिजे?"

"काही नको गं, गंमत केली."

गंमतच होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण घर ताईला, हे ऐकून मला बरं वाटलं नव्हतं. आमचं घराणं दरबारच्या चाकरीतलं, हे आमच्याकडे प्रत्येक लग्नात कुणीतरी सांगतंच. त्या घराण्यातलं एक घर कपडे शिवणाऱ्या बाईकडे जाणार, हा विचार माझ्या मनात आला. आला तो आला. आता लपवून उपयोग नाही.

फॉर्म हिंदीत होता. घर ज्याला द्यायचं त्याचं नाव टाकलं की खाली विचारत होता, तुमच्याशी नातं काय. यादी उघडली. पती, पुत्र, पुत्री, भाई, बहन, मित्र, कर्मचारी, अन्य.

"काय काय आहे त्यात?" आत्यानं विचारलं. मी वाचून दाखवलं.

ती विचारात पडली. "मित्र नाही म्हणता येणार. मैत्रीण तर ती आहेच, पण तेवढंच नाही. बहीण लिहिलं तर खोटं होईल. थांब, मला जरा विचार करू दे."

मी घड्याळ पाहिलं. 'अन्य' निवडलं तर पुढे आणखी एक रकाना उघडत होता, त्यात सविस्तर लिहायचं होतं. मी 'कर्मचारी'वर बोट ठेवलं. "आत्ता काहीतरी टाकून पुढे जाऊ. नंतर बदलता येतं."

"काय टाकलंस?"

"तात्पुरतं आहे," मी म्हणालो.

शेवटी सहीचा चौकोन आला. बोटानं स्क्रीनवर सही करायची होती. आत्याची सही फार देखणी. तिच्या विद्यार्थिनी प्रगतिपुस्तकावरची ती सही गिरवून बघायच्या म्हणे. तिनं बोट टेकवलं, पण ते काचेवर घसरलं, रेघ चौकोनाबाहेर गेली आणि कोळ्याच्या पायांसारखं काहीतरी उमटलं.

"ही माझी सही नाही," ती म्हणाली. "पूस. परत करते."

"चालतं आत्या. यात कुणी अक्षर बघत नाही." मी 'सबमिट' दाबलं. ती आपल्या बोटाकडे बघत राहिली.

बसमध्ये बसल्यावर ईमेल आला. सोबत वसीयतीचा कागद. आत्याला पाहता यावा म्हणून मी तो तसाच ताईच्या व्हॉट्सॲपवर पाठवून दिला. शेवटच्या पानावर ठळक अक्षरात सूचना होती: भारतात अशी डिजिटल सही वसीयतीला चालत नाही, हा कागद छापा, वसीयत करणाऱ्यानं दोन साक्षीदारांसमोर पेनानं सही करावी आणि दोघा साक्षीदारांनी त्यांच्यासमोर आपापली सही करावी. मी ते वाचलं. न वाचता राहून गेलं असं मला म्हणता येत नाही. घाटाबिल्लोदच्या पुढे बस थांबली होती, तेव्हा मी ते वाचलं आणि पुढच्या रविवारी जाऊन उरकू, असं ठरवलं.

पुढच्या रविवारी लग्न होतं. त्यानंतर परीक्षा. मग उन्हाळा इतका होता की निघवेना. पावसाळ्यात आत्याचा फोन आला.

"अरे, ते मृत्युपत्र पूर्ण झालं ना? माझ्याकडून आणखी काही लागणार नाही ना?"

मी ऑफिसात होतो. समोर चार जण फॉर्म घेऊन उभे होते. "हो आत्या, झालं," मी म्हणालो. "काही काळजी करू नकोस."

"मग बरं," ती म्हणाली. "डोक्यावरचं ओझं उतरलं बघ."

दिवाळीच्या आधी एका सकाळी ती आंघोळ करून बाहेर आली आणि कोसळली. इंदूरला नेईपर्यंत ताई अँब्युलन्समध्ये तिचा हात धरून बसली होती. दुपारी आत्या गेली. मी संध्याकाळी पोचलो.

तेराव्यानंतर मी, बदनावरला दिलेली माझी बहीण आणि ताई, असे तिघे त्याच वकिलांकडे गेलो ज्यांच्याकडे आत्याला जायचं होतं. मी छापलेला कागद पुढे केला. त्यांनी पहिलं पान पाहिलं, मग शेवटचं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"इस पर दस्तख़त कहाँ हैं? गवाह कहाँ हैं?"

"सही आहे ना, ही बघा," मी त्या कोळ्याच्या पायांवर बोट ठेवलं.

"भिया, ये वसीयत नहीं है," ते शांतपणे म्हणाले. "ये बस छपा हुआ कागज है. मकान अब आप दोनों भाई-बहन का हुआ, बुआजी के भतीजा-भतीजी का. क़ानून से."

बहिणीनं तोवर कागद हातात घेतला होता. ती थांबून थांबून वाचत होती. अचानक तिनं विचारलं, "दादा, हे काय? कर्मचारी?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला. ताई खिडकीबाहेर बघत होती. वीस वर्षांत तिनं आत्याकडून पगार म्हणून काही घेतल्याचं कुणाला माहीत नव्हतं.

यापुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातं. बहीण बदनावरला परत गेली आणि मी दोन दिवस धारलाच राहिलो. दुसऱ्या दिवशी ताई बाजारात गेली असताना मी आत्याचं कपाट उघडलं. तिच्या जुन्या वह्या काढल्या, सहीची तीन-चार पानं समोर ठेवली आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तिची सही गिरवू लागलो. माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. जुनी तारीख टाकायची, देवासचे दोन मित्र साक्षीदार म्हणून सही करतील, आत्याची इच्छा पूर्ण होईल आणि माझी चूक कुणाला कळणार नाही. मी चांगलंच काम करतोय, असं मला वाटत होतं. दहा-बारा सह्या झाल्या. शेवटची बरीच जमली होती.

ताई कधी परत आली ते कळलंच नाही. तिनं पिशवी खाली ठेवली आणि कागदाकडे पाहिलं.

"भाऊ, हे करू नका."

"ताई, तुमच्यासाठीच करतोय."

"माझ्यासाठी तर मुळीच करू नका." तिचा आवाज चढला नव्हता. "बाईंची सही त्यांच्याशिवाय कुणी करायची नाही. मला घर नाही मिळालं तरी चालेल, पण हे नको."

मग माझ्या तोंडून सगळं निघालं. सूचना वाचली होती, टाळली होती, आत्यानं विचारलं तेव्हा झालं म्हणून सांगितलं होतं. मला वाटत होतं, मी तिला नवीन काही सांगतोय.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "फोन स्पीकरवर होता. मी इथेच पोळ्या लाटत होते. आणि तुम्ही पाठवलेला कागद मी शेवटच्या पानापर्यंत वाचला होता."

"मग तुम्ही आत्याला का नाही सांगितलंत? तिनं मला परत बोलावलं असतं!"

"कसं सांगू, भाऊ? कागद माझ्याच नावाचा. मी म्हटलं असतं, बाई, अजून सह्या राहिल्यात, तर ते घर मागितल्यासारखं झालं असतं. मला वाटलं, तुम्ही याल. तुम्ही येणार नाही, असं मला वाटलंच नाही."

"आणि ते... कर्मचारी? ते आत्यानं पाहिलं?"

"बाईंना मी ती ओळ आणि शेवटचं पान सोडून वाचून दाखवलं," ताई म्हणाली आणि पिशवीतली भाजी काढायला लागली.

मी ती वर्तमानपत्राची कड फाडली, गॅसवर जाळली आणि संध्याकाळच्या बसनं देवासला निघालो. दोन दिवसांनी बहिणीला फोन करून सगळं सांगितलं, गिरवलेल्या सह्यांसकट. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घर तिचंच आहे. माझ्या हिश्शाचं जे करायचं ते तू सांग, मी येऊन सही करते. पण दादा, आत्याची ती वहीतली चिठ्ठी कुठे आहे रे? तिनं काय लिहिलं होतं, ते निदान वाचायला मिळालं असतं."

चिठ्ठी सापडली नाही. मी तिला दुमडायला लावली तेव्हाच ती शेवटची पाहिली होती. आत्यानं ती फाडली की ताईनं ठेवून घेतली, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

आधी घर आमच्या दोघांच्या नावावर करून घ्यावं लागलं, मग दानपत्र करून ते ताईला दिलं. या सगळ्यात वर्षाच्या वर गेलं. या वेळी मी प्रत्येक पान वाचलं. ताई नको म्हणत होती. बहिणीनं तिच्याशी बंद खोलीत तासभर बोलून तिला राजी केलं. काय बोलणं झालं ते दोघींनीही मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पण धारमध्ये गोष्ट वेगळीच पसरली. पुतण्यानं आत्याच्या शब्दाखातर कायद्यानं मिळालेलं घर सोडून दिलं, अशी. रस्त्यात भेटले तर म्हातारे लोक खांद्यावर हात ठेवू लागले. एकदा आत्याच्या शेजारच्या काकू ताईसमोरच म्हणाल्या, "असा पुतण्या भाग्यानं मिळतो हो." ताईनं चहाचे कप उचलले आणि आत गेली. मी "छे हो, त्यात काय," असं काहीतरी पुटपुटलो. ते विनयासारखं वाटलं असणार.

गेल्या गणपतीत तिथल्या मराठी मंडळाचा फोन आला. माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा होता. मी म्हणालो, ऑफिसात फार काम आहे, जमणार नाही. तेही खोटंच होतं. त्या आठवड्यात कॉलेज बंद होतं.

नंतर मी ताईला फोन केला आणि सत्काराचं सांगितलं.

"आला असतात तर मी काही बोलले नसते, भाऊ," ती म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हणालो. "म्हणूनच आलो नाही."

पलीकडे शिलाई मशीन चालू झाल्याचा आवाज आला. तिला कुणाचा तरी ब्लाउज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. मी फोन ठेवला.