गाठ दाखवणार काय?

मैत्रिणींनो, आज निमगाव केतकीहून संतापून परतले आणि चहासुद्धा न घेता हा ईमेल लिहायला बसले आहे.

माझी धाकटी जाऊ शकुंतला तिथे राहते. तिच्या किडनीवर गाठ आहे. कर्करोगाची नाही, पण मोठी आहे. फुटली तर आत रक्तस्राव होईल. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, किडनी काढायला नको. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गाठीचा रक्तपुरवठाच बंद करू. ती हळूहळू आक्रसेल.

दीर मात्र अडून बसले. "वहिनी, गाठ बाहेर काढणार न्हाईत, मग दाखवणार काय?"

आपल्याकडे ऑपरेशन झालं की डॉक्टर काढलेली गाठ ट्रेमध्ये आणून नातेवाइकांना दाखवतात. ती दिसली नाही, तर यांच्या लेखी ऑपरेशन झालंच नाही! त्यापेक्षा गाठीसकट किडनी काढणारा सर्जन यांना पसंत.

"भाऊजी, गाठीची मिरवणूक काढायची आहे का? किडनी जाईल तिची!"

"दुसरी हाय की."

"मग तुमचीही एक काढून ठेवा."

शकुंतलाला तर कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं. वाटलं, ती तरी माझ्या बाजूने बोलेल.

ती हळूच म्हणाली, "आक्का, मलाबी ती एकदा बघायचीय. रोज भ्या वाटतं तिचं. न बघता गेली असं कसं मानू?"

सोमवारी भाऊजी तिला किडनी काढणाऱ्या सर्जनकडे घेऊन निघालेत. तिला पटेल असं काय सांगू? लवकर कळवा.