आधी मालकाने खावे

माणसे पेठेतून माल घेऊन जातात आणि किस्से मागे ठेवतात. माल संपतो, किस्से साचत राहतात. खर्ड्याच्या पेठेत माझे किराणा दुकान होते. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी पटकीची साथ आली, तेव्हा तर किश्शांचे कोठारच भरले!

साथ ओसरली, पण गिऱ्हाईक परतेना. बाहेरचे खाल्ले की मरण, असे लोकांच्या मनाने घेतले होते. सर्वांत मोठा फटका शेजारच्या भिकातात्यांच्या चहा-भज्यांच्या हॉटेलाला बसला. तात्या म्हणत, "शेटजी, असंच चाललं तर कढई इकतो अन् भावाच्या रानात खुरपायला जातो."

*

बाजाराच्या वाटेवर आरोग्य खात्याचे लोक बसत. सुई टोचून घेतल्यावाचून आत प्रवेश नसे. एक म्हातारी दंड चोळत दुकानी आली. मी मिरचीचा भाव सांगितला.

"सुई घिऊन आलेय मी! भाव कमी कर की."

"आजी, सुई सरकार फुकट देते."

"सरकार फुकट टोचतंय, अन् तू पैशे घिऊन टोचतोस व्हय?"

मी भाव कमी केला. दुपारपर्यंत दुकानापुढे बाह्या वर केलेल्या लोकांची रांग लागली!

*

लोक चहाला घरचे भांडे आणू लागले. भांडे कोणतेही असो, पैसे एका कपाचेच, असे तात्यांनी ठरवले. एका पैलवानाने तांब्या पुढे केला.

"पैलवान, ह्यो कप हाय?"

"आमच्या घरी ह्यालाच कप म्हंत्यात, तात्या!"

तात्यांनी भरून दिला. वाद टाळण्याची किंमत तांब्याभर चहा होती.

*

साथीत विहिरींत लाल औषध टाकत. पाणी गुलाबी होई. साथ सरली, पाणी पूर्ववत नितळ झाले, तर लोक ते पिईनात! "गुलाबी न्हाई, म्हंजी घाण हाय," असा निवाडा झाला.

एका सरबतवाल्याच्या माठात मात्र पाणी नित्य गुलाबी. "औषधाचंच हाय," असे तो सांगे. असत्याला गिऱ्हाईक लवकर मिळते. तिसऱ्या प्रहरी एका बाईने माठाकडे बोट दाखवले.

"का रं, तुझ्या औषधाला मुंग्या कशा लागल्या?"

*

तात्यांच्या हॉटेलात नवीच प्रथा पडली. कढईतून भज्यांचा घाणा निघाला की आधी मालकाने एक भजे खायचे. मालक धड राहिला, तर मग गिऱ्हाईक खाणार. तात्या निमूट खात. धंदा सावरू लागला.

आणि ऐन बाजारी एकादशी आली. तात्यांची एकादशी निर्जळी. कधी मोडलेली नव्हती. बाजारात उपवास न करणारेच अधिक. घोळका जमला.

"तात्या, खा की!"

"आज एकादस हाय. न्हाई खानार."

"मग आमी बी न्हाई!"

घाणा निवू लागला. तात्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "अवं, एक भजं खा. न्हाईतर पुन्हा कढई इकायची पाळी येईल!"

"कढई इकीन. उपास न्हाई इकनार," तात्या म्हणाले आणि हात जोडून उभे राहिले.

मग एक म्हातारा शेतकरी पुढे सरला.

"धंदा बुडतोय, तरी देवाला फशीवत न्हाई. त्यो आपल्याला काय फशीवनार? तात्या, पावशेर बांधा!"

दुपारपर्यंत कढई रिकामी झाली.

पुढच्या बाजारी समोरच्या भेळवाल्याच्या दारावर नवी पाटी झळकली: "येथील मालकांना रोज एकादशी."