भात मी शिजवला होता

माझी शाळा सातवीला सुटली. निकाल लागायच्या आधीच वडील गेले. माझ्या थोरल्या भावानं, ज्याला घरात सगळेच दादा म्हणतात, नांगर हातात घेतला आणि मी त्याच्या मागं ढेकळं फोडत फिरू लागलो. आमचं गाव आजऱ्याकडचं, कोल्हापूरच्याही बरंच पुढं. तिथून मी नगर जिल्ह्यात कोल्हारला कसा येऊन पडलो, तर गुळामुळं. आमच्याकडच्या गुळव्यांच्या हाताला गुळाचा रंग बरा येतो म्हणून त्यांना त्या काळी कालव्याच्या मुलखातून बोलावणं यायचं. अशाच एका टोळीबरोबर गुऱ्हाळाच्या भट्टीत, चुलवाणात, उसाची चिपाडं सारायला मी आलो. सतरा वर्षांचा होतो. एस.टी.त बसवताना दादा म्हणाला, "कुठंबी ऱ्हा, पर घर सोडू नको." मला त्याचा अर्थ तेव्हा नीट लागला नव्हता. घर सोडूनच तर चाललो होतो.

ते बहात्तर साल. कालव्याला पाणी सुटेना, उभा ऊस वाळला आणि गुऱ्हाळ मध्येच बंद पडलं. त्याच आठवड्यात मला ताप भरला. टोळी तीन दिवस माझ्यासाठी थांबली, मग गेली. त्यांना मी दोष देत नाही, त्यांनाही घरं होती. जाताना त्यांनी मला गुऱ्हाळाशेजारच्या मिशनच्या बोर्डिंगात, स्वयंपाकघराच्या पडवीत नेऊन निजवलं.

त्या बोर्डिंगात आसपासच्या खेड्यांतली साठ मुलंमुली राहायची. त्यांचा स्वयंपाक एक विधवा बाई करायची. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. तीन आठवडे तिनं मला पेज पाजली. मी कोण, कुठल्या जातीचा, हे तिनं कधी विचारलं नाही. तिनं विचारलं ते एवढंच, "मीठ लागतंय का रं? का अजून टाकू?" ताप उतरल्यावर मी तिच्या हाताखाली राहिलो. लाकडं फोडायची, पाणी शेंदायचं, पीठ मळायचं. त्या दुष्काळात सरकारी मिलो यायचा, तांबडी परदेशी ज्वारी. तिची भाकरी थापता थापता चिरायची. मी वैतागायचो. मावशी म्हणायची, "तिला काय बोलतो? ती बिचारी किती लांबून आलीय. तुझ्यासारखीच."

मी ख्रिस्ती कसा झालो, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. मंडळीपुढं उभं राहून जे साक्ष देतात, आपण देवाकडं कसे आलो ते सांगतात, त्यांच्या साक्षीत एखादा दिवस असतो, एखादी घडी असते. माझ्या साक्षीत फक्त चूल आहे. पहाटे मी जाळ लावायचो आणि मावशी पीठ चाळता चाळता बोलत असायची. "आज पीठ कमी हाय. बघ आता कसं करायचं ते." पहिले काही दिवस मी उत्तर द्यायचो, की मावशी, उद्या गाडी येणार आहे म्हणतात. मग कळलं की ती माझ्याशी बोलतच नव्हती. देवाशी बोलत होती, पाटावर बसलेल्या माणसाशी बोलावं तशी. असा देव मी पाहिला नव्हता. हळूहळू मीही बोलायला लागलो, आधी मनात, मग पुटपुटत. रविवारी मिशनच्या देवळात मागं बसायला लागलो. नाताळात माझा बाप्तिस्मा झाला. त्याआधी तिथल्या पाळकसाहेबांनी मला तीनदा विचारलं, "घरी कळवलंय ना?" मी तिन्ही वेळा म्हणालो, "कळवतो."

आणि कळवलं नाही.

कळवणार कसं? आमच्या घरी पत्र आलं की ते शाळेच्या कट्ट्यावर गुरुजी वाचायचे. आईला अक्षर येत नव्हतं आणि दादाला माझं अक्षर लागत नव्हतं. भोवती दहा माणसं बसलेली असायची. पाऊस किती, भाव काय, कुणाची म्हैस व्याली, हे सगळं चालायचं. त्या कट्ट्यावर बाप्तिस्मा हा शब्द मी कसा पाठवू? मी तीन कार्डं लिहिली आणि तिन्ही चुलीत घातली. चौथ्यावर लिहिलं, "मी सुखी आहे, काळजी नसावी." ते मात्र पोचलं.

सगळ्यात आधी मी सांगितलं ते दूधवाल्याला. तो शेतकऱ्याचा मुलगा, माझ्याच वयाचा, रोज सकाळी सायकलला चरव्या अडकवून यायचा. माझ्या बोलण्याची नक्कल करायचा आणि मला कोल्हापुरी म्हणायचा. मी दोन रात्री जुळवाजुळव करून त्याच्यापुढं उभा राहिलो. "तुला एक सांगायचंय. मी ख्रिस्ती झालोय."

"ते व्हय," तो म्हणाला. "गावाला ठावं हाय की. नाताळात कोरं धोतार नेसून निघाल्ता, आमी काय आंधळं हाय?"

"मग तू काही बोलला नाहीस."

"तू सांगतो कवा त्येची वाट बघत हुतो. आता एक सांग, पोळ्याला आमच्या घरी जेवाया येनार का न्हाई? आईनं इचारलंय."

मी म्हणालो, येईन. तो म्हणाला, मग झालं, आणि दूध मापायला लागला. मला वाटलं होतं मैत्री जाईल. एवढ्यावर निभावलं म्हणून मी दिवसभर खूश होतो. पण दूधवाला म्हणजे दादा नव्हे.

शिमग्याच्या आधी दादाचं कार्ड आलं. आमच्याकडची सुगी उरकली होती, तो मला बघायला येणार होता. दादानं मला वडिलांच्या जागी वाढवलं होतं. त्यानं तोंड फिरवलं असतं, तर मला त्या घरात जायला दुसरी वाट नव्हती. मी ठरवलं, तो दोन दिवस राहणार, तेवढे दोन दिवस काढायचे. खाटेशेजारचं बायबलच्या वचनांचं कॅलेंडर उतरवलं. नवा करार पिठाच्या पिंपामागं ठेवला. मग मावशीकडं गेलो.

बोर्डिंगात एक रीत होती. ज्यानं स्वयंपाक केला, त्यानंच जेवणाआधी प्रार्थना करायची. त्यात मोठा-छोटा नव्हतं. पाळकसाहेब पंगतीला असले, तरी ज्याच्या हाताला पीठ त्याच्या तोंडी प्रार्थना. आठवड्यातून दोन-तीनदा ती माझ्यावर यायची.

"मावशी, दादा हाय तवर समदा सैपाक तू कर," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. "करते. पर मला कुनी इचारलं, तर मी खोटं न्हाई बोलनार."

"कोण इचारतंय तुला?"

"मंग न्हाई सांगत," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. ती नाराज होती, हे मला कळत होतं.

दादा सकाळच्या गाडीनं उतरला. कमरेत थोडा वाकलेला, कारण गेल्या साली पोतं उचलताना त्याची कंबर धरली होती. खांद्यावर तांदळाचं गाठोडं. आमच्याकडचा घनसाळ तांदूळ. गाठोडं सोडल्याबरोबर पडवीभर वास सुटला. दादा म्हणाला, "आईनं स्वता उखळात सडलाय. तू भाताबिगर कसा जगतोस, ह्येच तिला कळंना."

त्या मुलांनी कित्येक महिन्यांत भात बघितला नव्हता. मावशी तांदूळ ओंजळीत घेऊन हुंगत राहिली. म्हणाली, "लई नाजूक हाय. माझ्या हातनं ह्येचा गोळा व्हईल."

"सरक मावशी, मी करतो," मी म्हणालो.

कसला विचार केला नाही. आईनं सडलेला तांदूळ, दादा समोर बसलेला. मी पातेलं चढवलं, आधण बघितलं, तांदूळ वैरले, एकदाच हलवले, झाकण ठेवलं, निखारे ओढले. दादा पाटावर बसून गावाकडचं सांगत होता आणि मी हसत होतो. भात मोकळा झाला, शीत न शीत वेगळं. मीच वाढला. साठ मुलं दोन रांगांत बसलेली, दादा माझ्या जागेशेजारी. मी बसलो, आणि सगळ्यांनी हात जोडून माझ्याकडं बघितलं.

तेव्हा मला कळलं, मी काय करून बसलो ते.

मी मावशीकडं बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. मुलं थांबली होती. भाताची वाफ वर जात होती आणि एवढ्या महिन्यांनी भात दिसलेली साठ मुलं हलत नव्हती. दादाला वाटलं, कुणीतरी यायचंय. तो हळूच म्हणाला, "कुणाची वाट बगायला लागल्यात रं?"

"माझी," मी म्हणालो.

डोळे मिटले. सुरुवात केली. "हे प्रभू, ह्या अन्नासाठी तुझे उपकार मानतो." पाऊस मागितला, आजारी मुलांसाठी मागितलं, आणि तिथं थांबलो. दर वेळी त्यापुढं मी काय म्हणायचो ते माझ्या तोंडातून निघेना. मग रांगेतून तिसरीतल्या एका मुलीचा आवाज आला. तिला वाटलं, मी विसरलो. तिनं ते माझ्यासाठी म्हणून टाकलं, "आनि आजऱ्याच्या आईचे डोळे बरे कर, आनि आजऱ्याच्या दादाची कंबर बरी कर, आमेन." साठ जणांनी आमेन म्हटलं आणि भातावर हात पडले.

मी मान वर केली नाही. शेजारी दादाचा हात ताटावर तसाच होता. मग तो त्या मुलीकडं वळला आणि म्हणाला, "दुखती अजून. पर आदीपरीस बरी हाय."

"मंग आमी अजून मागू," ती म्हणाली आणि जेवायला लागली.

दादा जेवला. दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

जेवण झाल्यावर आम्ही प्रवरेकडं गेलो. पात्रात पाणी नव्हतं, पिण्याच्या पाण्यासाठी जागोजागी झिरे खणलेले होते. दादा एका धोंड्यावर बसला.

"कवापास्नं?"

"नाताळापास्नं."

"म्हंजे दोन म्हैनं झालं. साठ पोरास्नी माझी कंबर म्हाईत, आणि मला तुझं काय म्हाईत न्हाई."

मी म्हणालो, "तू तोंड फिरवशील असं वाटलं."

"आता फिरवावं असं वाटतंय," तो म्हणाला. "देव बदललास त्याचं न्हवं. मला चोरून बदललास त्याचं."

मी चुकलो म्हणालो. मग मी त्याला सगळं सांगितलं, पहिल्यांदा. टोळी गेल्यावर पडवीत पडलो होतो, तेव्हा वाटलं होतं, आपण कुणाचेच नाही. मावशी आली. ती का आली, ते तिला विचारलं तर ती स्वतःचं काहीच सांगायची नाही, येशूचं सांगायची. तो टाकलेल्यांच्यात बसला, त्यांच्यात जेवला, शेवटी आपल्यासाठी जीव दिला आणि पुन्हा उठला. मला हे खरं वाटलं, दादा. मी एवढं लांब बोललो नसेन कधी. मध्ये मध्ये अडखळत होतो. दादा वाळूत काटकीनं रेघा ओढत ऐकत होता.

"मग आता मलाबी तसलं व्हायला सांगनार?"

"सांगतोय एवढ्यासाठी की तुला कळावं. व्हायचं न व्हायचं तुझ्या मनावर."

"मला माझा रवळनाथ हाय," तो म्हणाला. रागानं नव्हे. नंतर म्हणाला, "त्येच्या जत्रंला येनार का?"

"येणार."

"पालखीला खांदा?"

"न्हाई."

"निवदाचं जेवनार?"

पाळकसाहेबांचं म्हणणं होतं, देवाला दाखवलेलं खाऊ नये. मावशीचं म्हणणं होतं, आई वाढेल ते खावं. मला खरोखर कळत नव्हतं. "म्हाईत न्हाई," मी म्हणालो.

दादानं काटकी टाकली. "आईला मी सांगतो. तू कार्डावर लिहू नको, गुरुजी मोठ्यानं वाचत्यात."

वैशाखात मी गावी गेलो. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, वाळलास म्हणाली, आणि त्या विषयावर एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही. दादानं तिला सगळं सांगितलंय, एवढं मला ठाऊक होतं.

जत्रेच्या दिवशी पुरण शिजलं. आमच्या घरात देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी पोळीला हात लावत नाही, लहान मूल रडत असलं तरी नाही. मी सकाळपासून तेच घोकत होतो, की पुढ्यात ताट आलं तर काय करायचं. नको म्हटलं तर आई दुखावेल, खाल्लं तर माझं मन मला खाईल. तेवढ्यात आईनं मागच्या सोप्यात मला हाक मारली. भिंतीशी पाट मांडला होता. तिनं तव्यावरची पहिली पोळी माझ्या ताटात टाकली.

वहिनी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आत्ती, निवद व्हायचा हाय अजून."

"मला ठावं हाय," आई म्हणाली. "म्हणून तर. देवाचं देवाला दावीन मागनं. ह्येचं ह्येला आदी."

वहिनी पुढची पोळी लाटायला लागली. आईनं तूप वाढलं. तिचे डोळे अधू होते, धार ताटाबाहेर गेली, तिनं बोटानं पुसून घेतली. आमच्या घरात तोवर कुणी देवाच्या आधी जेवलं नव्हतं.

दादा दारात उभा होता. पालखीला जायचं म्हणून त्यानं पटका बांधला होता. त्यानं ताट बघितलं, आईकडं बघितलं.

"जेव निवांत," तो मला म्हणाला. आणि वाकलेली कंबर सावरत पायऱ्या उतरून गेला.